पुन्हा लिहिते होताना

कॉलेजात असताना आपण कथा लिहीत होता. वार्षिक अंकात दोन-तीन छापून आल्या, एखादी बाहेरच्या मासिकानेही घेतली. मग नोकरी, लग्न, मुलांच्या शाळा, घराचे हप्ते, आईवडिलांची आजारपणे यांत वही माळ्यावर गेली. आता पंधरा-वीस वर्षांनी थोडी उसंत मिळाली आहे आणि पुन्हा लिहावेसे वाटते आहे. हा लेख अशा वाचकांसाठी आहे. उदाहरणे कथेची घेतली आहेत. कविता किंवा ललित लिहिणाऱ्यांनाही त्यातले बरेचसे उपयोगी पडेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घेतली तर पुढचा पुष्कळ त्रास वाचतो. या वर्षांत लिहिणे थांबले होते, वाचणे थांबले नव्हते. माणसे पाहणे तर नाहीच नाही. चांगले काय आणि कच्चे काय हे ओळखण्याची आपली पारख वाढत राहिली. हात मात्र तिथेच राहिला, कदाचित थोडा मागेही गेला. म्हणून पहिले पान लिहून झाले की हीच वाढलेली पारख सांगते, ‘हे काही जमलेले नाही.’ तिचे म्हणणे बरोबर असते. त्यावरून आपण जे ठरवून टाकतो ते मात्र साफ चुकीचे असते: ‘आपल्याला आता लिहिता येणार नाही.’ बहुतेक वह्या इथेच मिटतात. हाताला त्या पारखीपर्यंत आणायचे आहे, आणि त्याला काही महिने लागतात, एवढेच खरे आहे.

लेखनातल्या मोठ्या खंडाचा विषय निघाला की कवी अरुण कोलटकरांचा दाखला हटकून दिला जातो. त्यांचा मराठी संग्रह १९७७ साली आला आणि त्यानंतरची मराठी पुस्तके थेट २००३ च्या सुमारास. पण ती छापण्यातली विश्रांती होती. लिहिणे चालूच होते. त्या दाखल्यावर विसंबून आणखी काही वर्षे थांबू नये.

मला विभावरी शिरूरकरांचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. म्हणजे मालतीबाई बेडेकर. त्यांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३ साली आला, ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी १९३४ साली. ‘बळी’ यायला १९५० उजाडले. मधल्या काळात त्यांचे लेखन अगदीच बंद होते असे नाही, पण याच काळात त्यांनी सोलापूरच्या, तेव्हा ‘गुन्हेगार’ म्हटल्या जाणाऱ्या जमातींच्या वसाहतीत नोकरी केली. ‘बळी’ त्या वसाहतीतल्या माणसांची कादंबरी आहे. ती नोकरी केली नसती तर ती कादंबरी लिहिता आली नसती. आपण बँकेत, शाळेत, दवाखान्यात किंवा स्वयंपाकघरात घालवलेली वर्षे लेखनाच्या हिशेबात वाया गेलेली नाहीत. पुढच्या कथांचा कच्चा माल तिथेच आहे.

आता पहिले काम. माळ्यावरच्या वह्या, फायली, कात्रणे खाली काढा. धूळ झटका, एका पिशवीत किंवा खोक्यात नीट लावा, वर साल लिहा. आणि वाचू नका. निदान महिनाभर तरी नाही. जुने लेखन लगेच वाचले तर दोनपैकी एक होते. ते फार वाईट वाटले तर माणूस खचतो. फार चांगले वाटले तर ‘तेव्हासारखे’ लिहायच्या मागे लागतो. दुसरा धोका मोठा. विशीतला आवाज चाळिशीत काढायला गेले की तो नकली वाटतो, आणि हे सर्वांत आधी आपल्यालाच कळते. फाडून मात्र काहीही टाकू नका.

जुने लेखन संगणकावर असेल तर वेगळीच अडचण येते. पूर्वी मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा टंकांत, म्हणजे फॉन्टमध्ये, टाइप होत असे. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. घाबरून फाइल पुसू नका. मजकूर शाबूत असतो. तो युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून देणारी साधने मिळतात. ओळखीच्या डीटीपीवाल्याकडेही हे काम होते.

बदल करताना मूळ फाइल वेगळी जपा आणि नव्या फाइलवर एकदा नजर फिरवा. चुका ठरावीक ठिकाणी होतात: पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाई आणि रफार नंतर, त्यामुळे बदलताना ही दोन्ही भलत्या अक्षरावर जाऊन बसतात.

दुसरी पायरी वेळेची. दररोज वीस मिनिटे पुरेत. रविवारी सलग चार तास बसू, हा बेत कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात रविवारी पाहुणे येतात. अमेरिकन लेखिका डोरोथिया ब्रँड यांनी १९३४ सालच्या ‘बिकमिंग अ रायटर’ या पुस्तकात सांगितले होते की सकाळी उठल्यावर, काहीही वाचायच्या किंवा बोलायच्या आधी लिहायला बसावे. जुलिया कॅमरन यांनी ‘द आर्टिस्ट्स वे’ या १९९२ च्या पुस्तकात रोज सकाळी हाताने तीन पाने लिहायला सांगितली. ज्या घरात सकाळी डबे भरायचे असतात आणि साडेसातची लोकल गाठायची असते, तिथे तीन पाने हा हट्ट टिकत नाही. तत्त्व मात्र घ्यावे: वेळ ठरलेली असावी, आणि त्या वेळेआधी फोन हातात घेऊ नये. दुपारी जेवणानंतरची, रात्री सगळे झोपल्यावरची किंवा ऑफिसात इतर लोक येण्याआधीची वीस मिनिटेही चालतात.

याच वेळी एक पथ्य पाळा. आपण पुन्हा लिहितो आहोत हे कुणाला सांगू नका. सांगितले की लोक कौतुक करतात, काम केल्याचे समाधान फुकट मिळते, आणि पुढच्या भेटीत ‘काय, किती झाले?’ हा प्रश्न सुरू होतो. घरातल्या एका माणसाला सांगावे लागेल, कारण त्या वीस मिनिटांत हाक मारू नका हे कुणाला तरी सांगणे भाग आहे. तेवढेच पुरे.

वही की फोन? हाताला जे सोपे असेल ते. पन्नास रुपयांची रेघी वही उत्तम. चामड्याच्या पुठ्ठ्याची महाग वही घेतली की तिच्यात वाईट वाक्य लिहायचा जीव होत नाही, आणि सुरुवातीला वाईट वाक्ये लिहायचीच आहेत. फोनवर बोलून लिहिण्याची सोय आता मराठीतही आहे आणि बोटे दुखणाऱ्यांना ती मोठा आधार आहे. मात्र वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणारी पात्रे असतील तर सावध राहा. फोन बोलीतला शब्द न ओळखता त्याजागी प्रमाण भाषेतला जवळचा शब्द टाकून मोकळा होतो. संवाद हातानेच लिहिलेले बरे.

तिसरी पायरी मुक्तलेखनाची. मुक्तलेखन म्हणजे ठरलेला वेळ हात न थांबवता, मागे न वाचता, खाडाखोड न करता लिहीत राहणे. विषय कोणताही: सकाळी दूधवाल्याशी झालेले बोलणे, सोसायटीतले भांडण, गुडघेदुखी. काही सुचत नसेल तर ‘काही सुचत नाही’ असेच लिहा आणि पुढे चला. बरेच दिवस न गायलेला गवई आधी खर्ज लावतो, मैफल नंतर. हे तसेच आहे. दोन-तीन आठवडे हे करावे. यातले काही कुणाला दाखवायचे नाही, छापायचे नाही.

मुक्तलेखन कंटाळवाणे वाटत असेल तर पत्रे लिहा. ओळखीच्या एका माणसाला, त्याला सांगावीशी वाटणारी एक घटना. पत्रात आपण आपोआप साधे लिहितो, कारण समोरचा माणूस डोळ्यांपुढे असतो. जी. ए. कुलकर्णी आणि सुनीता देशपांडे यांची एकमेकांना लिहिलेली पत्रे पुढे पुस्तकरूपाने आली. ती वाचली तर पत्र हा लेखनाचा किती कसदार प्रकार आहे हे कळेल. आपले पत्र पाठवलेच पाहिजे असे नाही.

चौथी पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून इथे थोडे थांबू. दीर्घ काळानंतर लिहिणाऱ्याचा पहिला विषय बहुधा आठवणी हाच असतो, आणि पहिला घात तिथेच होतो. समजा आपण लहानपणची पिठाची गिरणी हा विषय घेतला. पहिल्या झटक्यात असे काहीसे उतरते:

‘गिरणी म्हटले की बालपणीच्या रम्य आठवणी मनात दाटून येतात. तो पिठाचा सुवास, ती लगबग, ती आपुलकीची माणसे आता कुठे हरवली कोण जाणे.’

या दोन वाक्यांत गिरणी दिसत नाही. ‘रम्य’, ‘दाटून’, ‘आपुलकी’, ‘हरवली’ हे शब्द आपण शोधलेले नाहीत. कुठल्याही आठवणीला लावायला ते तयार मिळतात. गिरणीच्या जागी नदी किंवा शाळा घातली तरी वाक्य तसेच चालेल. एवढी एक परीक्षा लक्षात ठेवा: विषयाचा शब्द बदलूनही वाक्य चालत असेल, तर ते वाक्य अजून लिहिलेले नाही.

आता वही बाजूला ठेवून स्वतःला तीन प्रश्न विचारा. तिथे कोण काय करत होते? कोण काय बोलत होते? आणि असे काय होते जे तिथे गेल्याशिवाय कळले नसते? मग पुन्हा लिहा:

‘“कशावर चालू आहे?” डबा खाली ठेवायच्या आधी आई विचारायची. आत बाजरी चालू असली तर ती डबा उचलून बाजूला उभी राहायची, गव्हाचा कुणी येईपर्यंत. बाजरीवर टाकलेल्या गव्हाच्या पोळ्या काळपट होतात. गिरणीवाल्याच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत. कापडी नळीतून पडणाऱ्या पिठाची चिमूट तो बोटांत चोळून बघायचा आणि काही न बोलता चाक थोडे आवळायचा.’

आता गिरणी दिसते. आईचा स्वभावही थोडा कळतो, आणि ‘प्रेमळ’ किंवा ‘काटेकोर’ असे एकही विशेषण वापरावे लागलेले नाही. रोजच्या व्यवहारातली अशी माहिती आपल्याकडे भरपूर असते. ती सगळ्यांनाच ठाऊक आहे असे वाटून आपण ती लिहीत नाही. लिहावी. विशीतल्या लेखकाकडे नेमकी हीच नसते.

इथून कथेकडे जाण्याची वाट सोपी आहे. वरच्या परिच्छेदात आईचा एक नेम आहे. तो मोडा. एके दिवशी आईने काही न विचारता डबा ठेवला आणि ती निघून गेली. का? गिरणीवाल्याच्या ते लक्षात आले का? घरी पोळ्या काळपट झाल्यावर कोण बोलले, कोण गप्प बसले? नेम आणि त्यात पडलेला खंड, एवढ्या भांडवलावर कथा उभी राहते. आठवण सांगणे आणि कथा लिहिणे यांतला फरक मला इथे दिसतो. आठवणीत ‘असे व्हायचे’. कथेत ‘त्या दिवशी असे झाले’.

पाचवी पायरी: एक लहान कथा पूर्ण करा. हजार-बाराशे शब्द, दोन किंवा तीन पात्रे, एक जागा, एक दिवस. पूर्ण करणे ही सवयही मोडलेली असते, म्हणून पहिली कथा मुद्दाम लहान घ्या. मधेच ती टाकाऊ वाटू लागेल आणि दुसरी सुचेल; दुसरीचे दोन शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा आणि पहिलीच पुढे न्या. शेवट बरा नसला तरी चालेल, असायला हवा. माळ्यावरची अर्धी कादंबरी यावेळी हातात घेऊ नका. तिच्यात पात्रे जुनी, घरे जुनी, रागलोभ जुने असतात. ती दुरुस्त करण्यातच वर्ष जाते आणि नवे काही होत नाही. चार-पाच कथा पूर्ण झाल्या की ती वाचा. तेव्हा तिच्यातले काय ठेवायचे ते चटकन कळेल, आणि कदाचित एका प्रकरणाची उत्तम कथा होईल.

काळाचेही भान ठेवावे लागते. कथा आजची असेल तर माणसे निरोप कसा पाठवतात, पैसे कसे देतात, मुले घरी कशी बोलतात हे आजचे हवे. लँडलाइनची घंटा आणि पोस्टमनची वाट यांवर बेतलेले कथानक आपल्या हाताला सवयीचे असते. ते आजच्या घरात घुसवले की वाचक लगेच थबकतो. जुना काळ लिहायचा असेल तर खुशाल लिहा, पण साल मनाशी ठरवून.

कच्चा खर्डा झाला की पंधरा दिवस तो उघडू नका. मग मोठ्याने वाचा. जिथे श्वास अडतो किंवा जीभ अडखळते तिथे पेन्सिलने खूण करा. पहिला परिच्छेद काढून कथा दुसऱ्यापासून सुरू होते का, ते पाहा; पुष्कळदा होते, कारण पहिला परिच्छेद आपण स्वतःला गरम करण्यासाठी लिहिलेला असतो. निवेदक, म्हणजे कथा सांगणारा, मधेच बदललेला नाही ना तेही तपासा. ‘मी’ने सुरू झालेल्या कथेत ‘मी’ला ठाऊक नसलेल्या गोष्टी घुसणे, ही या टप्प्यावरची हमखास चूक.

शुद्धलेखनाची धास्ती अनेकांना असते. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली ठरवलेल्या आणि १९७२ साली वाढवलेल्या अठरा नियमांवर आजचे प्रमाणलेखन चालते. ते काही एका रात्रीत पाठ करायचे नाहीत. अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ जवळ ठेवा आणि शंका आली की शब्द पाहा, तेही खर्डा झाल्यावर. एक गोष्ट मात्र आधीच ठरवा. निवेदनात ‘केले, असे, म्हणणे’ लिहिणार की ‘केलं, असं, म्हणणं’? पात्राच्या तोंडी अनुस्वाराची रूपे नियमांनाही मान्य आहेत. निवेदनात हल्ली दोन्ही चालतात, पण एकाच कथेत त्यांची सरमिसळ झाली की संपादकाला लेखक नवखा वाटतो.

यानंतर एक वाचक शोधा. एकच. घरातला नको, कारण घरची माणसे कथेत स्वतःला शोधतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर तर मुळीच टाकू नका. तिथे दोन मिनिटांत पंचवीस अंगठे येतात आणि त्यांतल्या वीस जणांनी कथा उघडलेलीही नसते. शांतपणे वाचणारा मित्र, शाळेतल्या जुन्या बाई किंवा वाचनालयात नेहमी भेटणारे कुणी चालेल. ‘कशी वाटली?’ असे विचारू नका, उत्तर ‘छान’ असेच येते. विचारा: कुठे कंटाळा आला? कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावे लागले? कोणते पात्र लक्षात राहिले? उत्तर ऐकताना आपली बाजू मांडू नका. फक्त लिहून घ्या.

मग पाठवणे. आपण ज्या मासिकांना कथा पाठवत होता त्यांतली कित्येक आता निघत नाहीत. ‘सत्यकथा’सारखे मासिकही १९८२ साली बंद झाले. म्हणून जुना पत्ता शोधत बसण्यापेक्षा सध्याचे दोन-चार अंक विकत घेऊन किंवा वाचनालयातून आणून वाचा आणि आपली कथा कुठे शोभेल ते पाहा. दिवाळी अंक हा मराठी कथेचा मोठा आधार. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून दिवाळी अंकांची प्रथा टिकून आहे. पण दिवाळीला कथा यायची असेल तर ती दसऱ्याला पाठवून चालत नाही. साधारणपणे उन्हाळ्यात साहित्य मागवले जाते आणि जुलै-ऑगस्टनंतर जागा मिळणे कठीण होते.

कथा युनिकोडमध्ये टाइप करून, नाव-पत्ता-फोन पहिल्या पानावर लिहून, एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा. एकच कथा दोन अंकांत छापून आली तर दोन्ही संपादक दुखावतात. स्वतःकडे प्रत ठेवाच. आणि ‘तुमचे पुस्तक काढू, एवढी रक्कम भरा’ असे कुणी म्हणाले तर या टप्प्यावर नम्रपणे नाही म्हणा. चार कथांचे पुस्तक होत नाही, आणि गठ्ठे शेवटी आपल्याच पलंगाखाली येतात.

नकार आला किंवा काहीच उत्तर आले नाही तर त्यावरून कथेची किंमत ठरवू नका. बहुतेक संपादक कारण कळवत नाहीत. जागा नसणे, त्याच विषयावरची दुसरी कथा आधी घेतलेली असणे ही कारणेही असतात. दोन-तीन महिने वाट पाहा, एक साधा निरोप पाठवून विचारा, मग दुसरीकडे पाठवा. आणि पहिली कथा पाठवली त्याच रात्री वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेली दुसरी कथा सुरू करा.